चिरचाडीचा शास्त्रज्ञ आणि आपले तांडे

गडचिरोलीतल्या कुरखेडा तालुक्यातील चिरचाडीचे भास्कर हलामी. आदिवासी कुटुंबातला मुलगा. घरात दाणा नसायचा तेव्हा मोहाची फुले शिजवून दिवस काढलेले. वडिलांना कसनसूरच्या शाळेत स्वयंपाक्याची नोकरी लागली आणि दोन वेळचे जेवण, मुलांचे शिक्षण मार्गी लागले. पुढे भास्कर यांनी गडचिरोलीत बी.एस्सी., नागपुरात एम.एस्सी. केले, लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन केले, अमेरिकेत मिशिगन टेकमधून पीएच.डी. मिळवली आणि मेरीलँडमधील एका औषध कंपनीत आरएनए संशोधनात ते वरिष्ठ शास्त्रज्ञ झाले.

हुशारी होतीच. पण ते शिकले ती आश्रमशाळा, शासकीय विद्यानिकेतन आणि बापाची ती नोकरी नसती, तर ही हुशारी जंगलातच राहिली असती.

2018 मध्ये केंद्राने विकासात मागे राहिलेले ‘आकांक्षित’ जिल्हे निवडले, त्यात गडचिरोलीसोबत आपला धाराशिवही होता. इथल्या तांड्यांवर आणि पारधी वस्त्यांवरही भास्कर यांच्यासारखी हुशार मुले आहेत, यात आम्हाला शंका नाही. पण ऊसतोडीचा हंगाम लागला की कित्येक जण आईबापांबरोबर कारखान्याच्या फडावर जातात आणि वर्ग सुटतो. अशा मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहे वेळेवर उघडा. आश्रमशाळांत विज्ञानाचे कायम शिक्षक आणि चालू प्रयोगशाळा द्या. धाराशिवच्या विद्यापीठ उपकेंद्राने आठवी-नववीच्या या मुलांसाठी आपल्या प्रयोगशाळा सुट्टीत खुल्या कराव्यात.