सोबतीला येणारी माणसं

रायगड जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना 'शनवार तेली' हा शब्द अजून आठवतो. अलिबाग, रेवदंडा, पेणच्या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवणारी ही बेने इस्रायल, म्हणजे ज्यू मंडळी. शनिवार आला की त्यांचा घाणा बंद, बैल मोकळा. घरात मराठी, अंगावर नऊवारी, आणि आडनावं किहीमकर, पेणकर, नवगावकर. ज्यू माणसाशी आपली ओळख झाली ती अशी, शेजारच्या अंगणातून. आज मात्र कुणी 'ज्यू' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फक्त इस्रायलचं सरकार आणि त्याचे रणगाडे उभे राहतात. कुणाला त्या रणगाड्यांचं कौतुक वाटतं, कुणाला त्यांचा संताप येतो. पण एका सरकारला अख्खा समाज समजण्याची चूक दोघेही करतात.

या आठवड्यात मला घाण्यावर जाणाऱ्या पोत्यांचीच गोष्ट सांगायची आहे. घाणे पॅलेस्टाइनमधले आहेत आणि पोती जैतुनाची, म्हणजे आपण ज्याला ऑलिव्ह म्हणतो त्याची.

ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागातली सुगी. पहाटे घरातली सगळी माणसं टेकडीवर जातात. झाडाखाली ताडपत्र्या अंथरतात. लहान दाताळ्यांनी फांद्या विंचरल्या की हिरवी-काळी फळं टपटप ताडपत्रीवर पडतात. वरची फळं काढायला कुणी शिडीवर चढतं. म्हाताऱ्या बाया खाली बसून पानं-काड्या निवडतात. दुपारी तिथंच भाकरी आणि चहा होतो, संध्याकाळी पोती घाण्यावर जातात. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला परकं वाटू नये असं हे चित्र आहे. फरक एवढाच, की टेकडीच्या माथ्यावर इस्रायली वसाहत आहे. तिथून कधी दगड येतात, कधी काठ्या घेतलेली तोंड झाकलेली पोरं, तर कधी बंदुका.

म्हणून या शेतांवर गेली कित्येक वर्षं आणखी काही माणसं दिसतात. डोक्यावर किप्पा घातलेले धर्मगुरू, तेल अवीवचे विद्यार्थी, निवृत्त शिक्षिका, न्यूयॉर्कहून आलेली तरुण मुलं. सगळे ज्यू. फळं तोडायला हातभार लावतात, पण त्यासाठी ते आलेले नसतात. ते नुसते तिथं असावेत म्हणून आलेले असतात. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे: सोबत. रात्री शेतावर पाणी द्यायला जायचं असेल, वाटेत भीती असेल, तर आपण शेजाऱ्याला म्हणतो, "जरा सोबतीला ये रे." त्याने काही करायचं नसतं, त्याचं बरोबर असणं पुरतं.

ही सोबत उपयोगी का पडते, हे समजून घ्यायला हवं, कारण सगळी मेख तिथंच आहे. १९६७ पासून वेस्ट बँक इस्रायली लष्कराच्या ताब्यात आहे. एकाच टेकडीवर दोन कायदे चालतात. वसाहतीत राहणाऱ्या इस्रायली माणसाला इस्रायलचा नागरी कायदा लागू, त्याचा खटला नागरी कोर्टात. खालच्या गावातल्या पॅलेस्टिनी माणसाला लष्करी हुकूम लागू, त्याचा खटला लष्करी कोर्टात. गाड्यांच्या नंबरप्लेटचे रंगसुद्धा वेगळे, आणि कुठली गाडी कुठल्या रस्त्याने जाईल हे त्या रंगावर ठरतं. अशा ठिकाणी सैनिकासमोर ज्यू माणूस उभा राहिला की सैनिक दोनदा विचार करतो. या माणसाला मतदानाचा हक्क आहे, वकील आहे, त्याची बातमी होते. म्हणजे अन्यायाने या माणसाला जी सवलत दिली, तीच तो शेजाऱ्यासाठी ढालीसारखी धरतो. मला या चळवळीचं सगळं मोल इथं दिसतं. आपल्याला जन्माने मिळालेली मोकळीक ही माणसं दुसऱ्याच्या शेतावर नेऊन खर्च करतात.

आणि सुगीला शेतावर पोचणं हा फक्त तेलाचा प्रश्न नाही. जमीन काही वर्षं पडीक राहिली तर ती सरकारजमा करता येते, असा ऑटोमन काळातल्या १८५८ च्या जमीन कायद्याचा आधार इस्रायलचं प्रशासन आजही घेतं. आपल्याकडे 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा कुळांनी दिली आणि जमिनी मिळवल्या. तिथं तेच सूत्र उलटं फिरवलं आहे. आधी शेतकऱ्याला कसू द्यायचं नाही आणि मग म्हणायचं, जमीन पडीक आहे. वसाहतीजवळच्या बागांत तर लष्कर ठरवेल त्या मोजक्या दिवशीच मालकाला पाऊल ठेवता येतं.

इस्रायलमध्ये १९८८ साली स्थापन झालेली 'रॅबाइज फॉर ह्यूमन राइट्स' ही धर्मगुरूंची संघटना या कामात वर्षानुवर्षं आहे. त्यांचं म्हणणं राजकीय भाषेत सुरूच होत नाही, ते तोरा या ज्यू धर्मग्रंथापासून सुरू होतं. शहराला वेढा घातला असतानाही फळझाडावर कुऱ्हाड चालवू नये, अशी आज्ञा तिथं आहे. युद्धात शत्रूचं झाडसुद्धा तोडायचं नाही असं ज्या धर्माने सांगितलं, त्याचं नाव घेऊन कुणी शेजाऱ्याची जैतुनं मुळासकट उपटत असेल तर धर्मगुरूने गप्प कसं बसावं? या संघटनेने सोबत्यांसह इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २००६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की पॅलेस्टिनी शेतकऱ्याला त्याच्या बागेत जाऊ देणं आणि तिथं त्याचं रक्षण करणं ही लष्कराची जबाबदारी आहे. हल्ला होईल म्हणून मालकालाच शेतातून हाकलायचं, हा सोपा मार्ग लष्कराला उरला नाही. निदान कागदावर तरी.

या संघटनेचे अनेक वर्षं अध्वर्यू राहिलेले धर्मगुरू म्हणजे रॅबाय अरिक आशरमन. अमेरिकेत जन्मलेले, हार्वर्डला शिकलेले. पॅलेस्टिनी घरं पाडायला आलेल्या बुलडोझरपुढे उभे राहिले म्हणून २००५ मध्ये इस्रायली कोर्टाने त्यांना दोषी ठरवलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये इतामार वसाहतीजवळच्या बागेत तोंड बांधलेला एक तरुण हातात सुरा घेऊन त्यांच्यावर धावून गेला. त्याचं चित्रण उपलब्ध आहे. पांढऱ्या दाढीचा माणूस खाली पडतो, सुरा वर उगारलेला आहे, लाथा बसताहेत, आणि हा माणूस दोन्ही हातांनी फक्त तो सुऱ्याचा हात अडवतो आहे. मारणाराही ज्यू आणि मार खाणाराही ज्यू. या एका दृश्यासमोर 'ज्यू लोक असेच असतात' हे वाक्य टिकत नाही, कुठल्याही बाजूने नाही.

आता ही ढाल पातळ होत चालली आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे १,२०० माणसं मारली आणि २५१ ओलीस नेले. त्यानंतरच्या युद्धात गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीनुसार ६० हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मारले गेले. जगाचं लक्ष गाझाकडे असताना वेस्ट बँकमध्ये वसाहतवाल्यांना रान मोकळं झालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन सुगीत, त्यांचे २६० हून अधिक हल्ले संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाने नोंदवले. २००६ मध्ये नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा हा तोवरचा सर्वांत मोठा मासिक आकडा. सोबतीला आलेल्यांनाही आता सर्रास मार बसतो, किंवा लष्कर 'बंद क्षेत्र' असा कागद दाखवून त्यांना परत पाठवतं.

मार्च २०२५ मध्ये 'नो अदर लँड' या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. हेब्रॉनच्या दक्षिणेला मसाफर यत्ता नावाच्या गावांच्या पट्ट्यात लष्कर घरं कशी पाडतं, याचं हे चित्रण. बासेल अद्रा आणि हमदान बल्लाल हे दोन पॅलेस्टिनी, युवाल अब्राहम आणि रेचेल झोर हे दोन इस्रायली ज्यू, असे चौघे मिळून दिग्दर्शक. व्यासपीठावर युवालने सांगितलं ते हेच, की आम्ही दोघं एकाच राजवटीत राहतो, पण मी नागरी कायद्याखाली मोकळा आणि बासेल लष्करी कायद्याखाली. जेमतेम तीन आठवडे झाले होते तोच सुसिया गावात हमदानला त्याच्या घराजवळ मारहाण झाली आणि जखमी अवस्थेतच सैनिकांनी त्याला धरून नेलं. त्या रात्री गावात मदतीला धावलेल्यांमध्ये 'सेंटर फॉर ज्यूइश नॉनव्हायोलन्स'चे अमेरिकी ज्यू स्वयंसेवक होते. त्यांच्या गाडीवर दगड पडले, काचा फुटल्या. ऑस्कर मिळालेला माणूस रात्रभर कोठडीत कसा होता, हे जगाला सकाळपर्यंत कळलं, कारण तिथं कुणीतरी सोबतीला होतं.

याच पट्ट्यात उम्म अल खैर नावाची वस्ती आहे. १९४८ नंतर नेगेवमधून विस्थापित झालेली बेदुइन कुटुंबं इथं आली. शेजारी कार्मेल ही वसाहत उभी राहिली. अवदा हथालीन हा इथला इंग्रजीचा शिक्षक, ३१ वर्षांचा, तीन मुलांचा बाप. 'नो अदर लँड'च्या कामात त्याने मदत केली होती. जून २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ज्यू मंडळींनी त्याला आणि त्याच्या चुलतभावाला व्याख्यानांसाठी बोलावलं. सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर अधिकाऱ्यांनी दोघांना आत न घेता परत पाठवलं. २८ जुलैला त्याच्याच गावात एका वसाहतवाल्याच्या गोळीने अवदा गेला. संशयित काही दिवसांतच बाहेर आला. अवदाचं शव मात्र पोलिसांनी आठवडाभराहून जास्त अडवून ठेवलं. ते मिळावं म्हणून गावातल्या बाया उपोषणाला बसल्या.

हे लिहिताना व्हिव्हियन सिल्व्हरचं नाव टाळता येत नाही. कॅनडात जन्मलेल्या या इस्रायली बाई गाझातल्या आजारी माणसांना सीमेवरून इस्रायलच्या रुग्णालयात स्वतःच्या गाडीने नेत-आणत. 'विमेन वेज पीस' या संघटनेच्या त्या संस्थापकांपैकी एक. ४ ऑक्टोबर २०२३ ला त्यांच्या संघटनेने पॅलेस्टिनी बायकांच्या संघटनेबरोबर जेरुसलेममध्ये मोर्चा काढला. तीन दिवसांनी, वयाच्या ७४ व्या वर्षी, बेएरी किबुट्झमध्ये (सामूहिक वस्तीत) हमासच्या हल्ल्यात त्या मारल्या गेल्या. पॅलेस्टिनी हक्कांच्या बाजूने बोलणाऱ्याने हे नाव गाळलं, तर त्याच्या बोलण्यात खोट आहे असं मी समजेन. त्यांचा मुलगा योनातान झैगन नोकरी सोडून आईच्याच कामाला लागला. सूड हवा असं म्हणायचा त्याला पूर्ण हक्क होता. तो हक्क त्याने बजावला नाही.

असल्या माणसांना 'स्वतःच्या जातीचे वैरी' म्हणायची पद्धत ज्यू समाजातही आहे. २७ ऑक्टोबर २०२३ ला, शुक्रवारी, शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागायच्या वेळेला न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात 'ज्यूइश व्हॉइस फॉर पीस' या ज्यू संघटनेच्या हाकेवर गाझातल्या युद्धाविरुद्ध हजारो ज्यू जमले. काळे टीशर्ट, 'आमच्या नावाने नको' ही घोषणा. पोलिसांनी शेकडोंना अटक केली. त्यांतल्या कितीजणांना पुढच्या सणाला स्वतःच्याच घरच्या जेवणाच्या टेबलावर बोल ऐकून घ्यावे लागले असतील! आप्तांच्या विरोधात उभं राहणं काय असतं हे महाराष्ट्राला कुणी समजावून सांगायला नको. अस्पृश्यतेविरुद्ध किंवा विधवांच्या बाजूने बोललेल्या सवर्णांना इथं वाळीत टाकलेलं आपण पाहिलं आहे. अशीच किंमत मोजत इस्रायलमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये ताल मितनिक या १८ वर्षांच्या मुलाने सैन्यात जायला नकार दिला आणि तो तुरुंगात गेला.

पॅलेस्टाइनची भूमी कुणाची, हा वाद जुना आहे आणि त्याचा एक धागा आपल्या वर्ध्याशी बांधलेला आहे. नोव्हेंबर १९३८ मध्ये गांधीजींनी शेगावहून, म्हणजे आजच्या सेवाग्रामहून, 'हरिजन'साठी ज्यूंवर लेख लिहिला. ज्यूंच्या छळाबद्दल त्यांना मनापासून कळवळा होता, पण अरबांच्या माथी ज्यू राज्य मारणं त्यांना अन्याय वाटत होतं. जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा असंही त्यांनी सुचवलं. १९३९ च्या फेब्रुवारीत जेरुसलेमहून तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी त्यांना लांबलचक पत्र लिहून याला कडकडीत विरोध केला. छळछावण्यांपुढे सत्याग्रह चालत नाही, आणि या भूमीशी ज्यूंचंही नातं आहे, हे त्यांनी ठासून सांगितलं. माझ्या मते या दोन मुद्द्यांवर बुबर बरोबर होते. पण हेच बुबर आयुष्यभर म्हणत राहिले, की ही भूमी दोघांची आहे आणि दोघांनी समान हक्कांनी एकत्र राहायला हवं. १९४२ मध्ये 'इहुद' ही संघटना त्यांनी धर्मगुरू जुडा मॅग्नेस यांच्याबरोबर याचसाठी काढली. तेव्हा त्यांचं कुणी ऐकलं नाही.

सोबतीने ताबा संपत नाही, हे खरं आहे. पॅलेस्टिनींमधूनही टीका होते. 'नो अदर लँड'लासुद्धा तिथल्या बहिष्कार चळवळीने बोल लावले: ज्यू मित्र शेजारी उभा केला की अन्याय सौम्य दिसतो, आणि आमची साक्ष त्याच्या तोंडूनच का ऐकता? ही टीका मला पटते, आणि तरी सोबतीला गेलेल्यांनी जाणं थांबवावं असं मला वाटत नाही. हक्क मिळेपर्यंत सुगी थांबत नाही. फळ पिकलं की तोडावं लागतं.

वाचकांकडे एक मागणं आहे. 'सगळे ज्यू' किंवा 'सगळे मुसलमान' अशा शब्दांनी सुरू होणारा मजकूर मोबाइलवर आला तर पुढे पाठवू नका. पाठवणारा ओळखीचा असेल, तर त्याला अवदा हथालीन नावाच्या शिक्षकाबद्दल सांगा. आणि त्याला अमेरिकेत पाहुणा म्हणून बोलावणारे कोण होते, तेही सांगा.