रेघ छापील, रंग हातचे

रायपूरच्या चौबे कॉलोनीला मराठी माणसाच्या लेखी एक वेगळे स्थान आहे. शहरातील महाराष्ट्र मंडळाची वास्तू याच वसाहतीत आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आणि पुढे मध्य प्रांताच्या काळात नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने छत्तीसगडात आलेली मराठी कुटुंबे या मातीत रुजली. घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी आणि कचेरीत हिंदी, हा त्यांचा नित्याचा व्यवहार झाला. सणांचेही तसेच. दिवाळीचा फराळ शेजारच्या ख्रिस्ती घरी जावा आणि नाताळात तिकडून केकचे ताट यावे, यात कोणालाही नवल वाटत नाही. छत्तीसगडातील नाताळही काही कालपरवाचा नव्हे. ऑस्कर लोर या मिशनऱ्याने विश्रामपूरची वसाहत स्थापन केली ती १८६८ साली. खुद्द रायपुरात बैरन बाजारातील सेंट जोसेफ कॅथेड्रल सर्वांच्या परिचयाचे आहे.

फराळाचे आणि केकचे ताट अजून फिरते; बदलली आहे ती शुभेच्छा देण्याची रीत. २५ डिसेंबरच्या सकाळी मोबाईलवर एक चित्र येते. पाठवणाऱ्याने ते धड पाहिलेले नसते आणि घेणाराही ते धड न पाहता पुढे धाडतो. ज्या शुभेच्छेसाठी कोणाचा एक क्षणही खर्च होत नाही, ती कोणापर्यंत पोहोचतही नाही. अशा वेळी हाताने बनवलेल्या शुभेच्छापत्राकडे पुन्हा वळावे, असे वाटणाऱ्यांच्या हाती एक नवे साधन आले आहे. ते म्हणजे डिजिटल ठसा.

डिजिटल ठसा म्हणजे टपालाचे तिकीट नव्हे आणि कर्जाच्या कागदपत्रांना लागणारा मुद्रांकही नव्हे. कार्ड बनवणारे पूर्वी रबरी ठसा शाईत बुडवून कागदावर उमटवीत. त्याच ठशाचे हे संगणकावरील रूप. चित्रकाराने काढलेले, केवळ काळ्या रेघांचे, रंग न भरलेले चित्र फाईलच्या स्वरूपात विकत मिळते. ते उतरवून घ्यावे, हवे तेवढे लहान-मोठे करावे, जाड कागदावर छापावे आणि मग रंगवावे. रबरी ठसा एकाच मापाचा असतो, कालांतराने झिजतो आणि ठेवायला कपाटात जागा मागतो. डिजिटल ठशाला यांतील एकही अडचण नाही.

या साधनावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. चित्र दुसऱ्याचे, छपाई यंत्राची. मग या कार्डाला 'हस्तनिर्मित' कसे म्हणावे? आक्षेप वरवर सयुक्तिक वाटतो. परंतु तो इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. व्यापारी तत्त्वावर छापलेले पहिले नाताळ कार्ड १८४३ साली लंडनमध्ये निघाले. ज्या हेन्री कोलने ते काढवून घेतले, तो ब्रिटनमधील १८४० च्या टपाल सुधारणेच्या कामातही सहभागी होता. पत्रे पाठवणे स्वस्त झाले, तशी नाताळात उत्तरे देण्याची पत्रेही वाढली. तेव्हा त्याने जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले. त्याच्या सुमारे एक हजार प्रती शिळाछापावर निघाल्या आणि मग त्या हाताने रंगवण्यात आल्या. कार्डावर घेणाऱ्याचे आणि देणाऱ्याचे नाव लिहिण्यासाठी जागा कोरी सोडलेली होती. रेघ छापील, रंग हातचे आणि नाव स्वहस्ते! म्हणजे आजच्या डिजिटल ठशाची पद्धत नाताळ कार्डाच्या जन्माइतकीच जुनी आहे.

मराठी वाचकाला याचा दाखला शोधण्यासाठी लंडनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. पेणच्या गणेशमूर्ती साच्यातून निघतात, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही कारखान्यात सर्वांत मान असतो तो डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराला. साच्याने शेकडो मूर्ती सारख्या केल्या, तरी मूर्तीत भाव उतरतो तो त्या आखणीने. बँकेच्या ग्राहकाला तर याहूनही जवळचे उदाहरण देता येईल. धनादेश हा छापील नमुनाच असतो. तो छापील आहे म्हणून त्याची किंमत कोणी कमी लेखत नाही. परंतु खातेदाराची सही पडेपर्यंत तो कागदाचा कपटाच असतो. यंत्राने काय केले यापेक्षा माणसाने कोणती जबाबदारी स्वतःच्या हाताने घेतली, यावर कागदाचे मोल ठरते. शुभेच्छापत्रालाही हाच न्याय लावला पाहिजे.

याच न्यायाने या साधनाची मर्यादाही ठरते. रेघ यंत्राकडून घ्यावी. परंतु चित्राची निवड, रंग आणि मजकूर या तीन गोष्टी माणसाने स्वतःकडेच ठेवाव्यात. रंगही संगणकाने भरले, मजकूरही तयार उचलला आणि तळाशी केवळ नाव छापले, तर ते घरी छापलेले दुकानी कार्ड ठरेल.

यांतील निवडीचा मुद्दा सर्वाधिक दुर्लक्षित आहे. परदेशी संकेतस्थळांवर नाताळाचे जे ठसे मिळतात, त्यांत बर्फाचे माणूस, घसरगाडी आणि बर्फाने लवलेली सूचिपर्णी झाडेच अधिक असतात. रायपूरच्या डिसेंबरात थंडी असते, बर्फ नसतो. मग त्या बर्फात शेजारच्या घरातील नाताळ कसा दिसावा? या प्रश्नाचे उत्तर एका गोमंतकीय चित्रकाराने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) हे शांतिनिकेतनात शिकले आणि पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढीत राहिले. त्यांची मरियम साडी नेसलेली आहे. तिचा चेहरा, बसण्याची ढब आणि भोवतालचे घर इथलेच आहे. गोव्यात त्या काळी या चित्रांवर टीकाही झाली. परंतु बेथलेहेमची कथा आपल्या अंगणात आणता येते, हे फोन्सेकांनी सिद्ध केले.

रायपूरच्या अंगणात तर विषयांची वाण नाही. डिसेंबरात छत्तीसगडात नवे धान घरात येते. भाताच्या लोंब्या विणून केलेली झालर पाखरांनी दाणे टिपावेत म्हणून दाराशी टांगतात. तिला इथे 'चिरई चुगनी' म्हणतात. नव्या अन्नाचा पहिला वाटा पाखरांना देणाऱ्या या झालरीहून नाताळाच्या कार्डाला अधिक शोभेसे चित्र कोणते? ख्रिस्ती घरावरील चांदणी आणि मराठी घरावरील आकाशकंदील यांचे नातेही असेच रेखाटण्याजोगे आहे. अशी चित्रे बाजारात मिळत नसतील, तर ती घरी काढावीत. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने काढलेले चित्र स्कॅन केले की घरचाच डिजिटल ठसा तयार होतो. घरातील शाळकरी मुलांच्या हातून हे काम सहज होईल.

ठसा विकत घेतला तर तो कोणाच्या तरी श्रमाचे फळ आहे, याचा विसर पडू नये. खरेदीबरोबर मिळते ती वापराची परवानगी. चित्राची मालकी चित्रकाराकडेच राहते. फाईल मैत्रिणींना वाटणे ही चूक अनेकदा भाबडेपणाने होते. परंतु त्यामुळे चित्रकाराची मिळकत बुडते. कार्डे विकायची असल्यास तशी मुभा आहे का आणि किती प्रतींची आहे, हे अटींमध्ये पाहून घ्यावे. नामवंतांची चित्रे संगणकावर दिसतात म्हणून ती सर्वांची होत नाहीत. १९५७ च्या भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या निधनानंतर, पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे हक्क अबाधित राहतो. त्यामुळे फोन्सेकांच्या चित्रांवरील हक्क २०२७ अखेरपर्यंत कायम आहे. त्यांच्यापासून दृष्टी घ्यावी, चित्र उचलू नये.

परदेशातून खरेदी करताना एक व्यावहारिक गोष्टही ध्यानात असावी. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० मधील निर्देशानुसार नवे डेबिट किंवा क्रेडिट कार्ड आरंभी केवळ देशातील एटीएम आणि दुकानांतील यंत्रांवर चालते. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहारांची सोय ग्राहकाने स्वतः सुरू करावयाची असते. ती गरजेपुरती, मर्यादा ठरवून सुरू करावी आणि खरेदी झाली की बंद करावी.

प्रत्यक्ष कामाला खर्च फारसा नाही. ए-४ आकाराचा जाड कागद मधोमध कापून प्रत्येक अर्ध्याची घडी घातली की दोन कार्डे होतात. घरचा प्रिंटर जाड कागद घेत नसेल, तर चित्र साध्या कागदावर छापून, रंगवून, कापून वर चिकटवावे. लेसर प्रिंटरची काळी रेघ पाण्याने फुटत नाही, म्हणून त्यावर जलरंग चालतात. इंकजेटची रेघ पाणी लागताच पसरण्याचा संभव असतो. तिथे रंगीत पेन्सिलीच बऱ्या. शंका वाटल्यास आधी एका कपट्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा.

अशी कार्डे बनवून काही गृहिणी चार पैसे मिळवू पाहतील, तर ते स्वागतार्हच आहे. मात्र किंमत ठरवताना कागद आणि शाईचा हिशेब मांडून स्वतःच्या तासांपुढे शून्य लिहिण्याची सवय त्यांनी सोडली पाहिजे. घरातील स्त्रीचा वेळ फुकट असतो, हा समज याच शून्यातून पोसला जातो. त्याचबरोबर कार्डाच्या मागे 'रेखाचित्र अमुक यांचे, रंगकाम अमुक यांचे' एवढी एक ओळ प्रामाणिकपणे लिहावी. ग्राहकापासून काहीही न लपवणाऱ्याची पत वाढते, हे बँकेच्या वाचकाला निराळे सांगायला नको.

अखेरीस प्रश्न कार्डाचा नसून शेजाराचा आहे. एका धर्माच्या घराने दुसऱ्या धर्माच्या घराचा सण आपल्या हाताने रंगवावा, त्यासाठी संध्याकाळचा तासभर काढावा आणि आत त्या घरातील माणसांची नावे लिहावीत, हे काम कोणतेही यंत्र करून देणार नाही. कुलुपबंद घरांच्या आजच्या वसाहतींत तर अनेकांना शेजारच्या घरातील सर्वांची नावेही ठाऊक नसतात. कार्ड लिहायला बसल्यावर ते ध्यानात येईल, आणि मग नावे विचारण्यासाठी शेजारचे दार वाजवावे लागेल. ते दार उघडले, की नाताळाची शुभेच्छा कार्ड पूर्ण होण्याआधीच पोहोचलेली असेल.