भोंगा वाजला होता

अमेरिकेच्या मिझुरी राज्यातले जॉप्लिन हे जेमतेम पन्नास हजार वस्तीचे शहर. २२ मे २०११ च्या रविवारी संध्याकाळी तिथे टोर्नेडो शिरला आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. एकाच टोर्नेडोने शंभरावर बळी घेण्याची वेळ त्या देशावर १९५३ नंतर आली नव्हती.

इशारा मिळाला नाही म्हणून माणसे गेली, असे मात्र म्हणता येत नाही. पहिला भोंगा ५ वाजून ११ मिनिटांनी वाजला. टोर्नेडो वस्तीत पोहोचला तो वीसेक मिनिटांनंतर. समुद्रावरून येणाऱ्या चक्रीवादळाची वर्दी काही दिवस आधी लागते, टोर्नेडोच्या बाबतीत वीस मिनिटे म्हणजे चैनच. ती वाया का गेली? सरकारी चौकशीत जे पुढे आले ते ओळखीचे आहे. भोंगे एरवीही वाजत आणि बहुतेक वेळा काही होत नसे. लांडगा आला रे आला! त्यामुळे अनेकांनी आधी खात्री करून घ्यायचे ठरवले. कोणी टीव्ही लावला, कोणी बाहेर येऊन आभाळ पाहिले. आभाळात पावसाच्या पडद्यामागे टोर्नेडो दिसतच नव्हता. ५.३८ ला दुसरा भोंगा झाला तेव्हा तो दाराशी आला होता. याला बेफिकिरी म्हणणे आम्हाला पटत नाही. उठसूट वाजणाऱ्या भोंग्यानेच लोकांना तशी सवय लावली होती.

आणि ज्यांनी लगेच ऐकले, त्यांनी तरी जायचे कुठे? बहुतेक घरांना तळघर नव्हते. सेंट जॉन्स रुग्णालयाचा सांगाडा उभा राहिला, पण काचा फुटल्या, जनरेटर गेला आणि कृत्रिम श्वासावर असलेले रुग्ण त्यात दगावले. जखमांत माती गेलेल्या १३ जणांना पुढे म्युकरमायकोसिस झाला, पाच वाचले नाहीत. कोरोनाकाळात आपल्याकडे घरोघरी धडकी भरवणारा हाच तो बुरशीजन्य आजार.

बहुतांश मृत्यू इमारतींच्या आतच झाले. त्या चौकशीनंतर बरीच वर्षे खल होऊन २०२२ च्या अमेरिकी बांधकाम मानकात टोर्नेडोचा भार प्रथमच हिशेबात धरला गेला. तो रुग्णालये, शाळा, अग्निशमन केंद्रे अशा महत्त्वाच्या इमारतींसाठी आहे. साध्या राहत्या घरांना तो लागू नाही.