दुखणे सांगण्यापुरते इंग्रजी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. १८०३ साली, दुसऱ्या सरफोजी राजांच्या कारकिर्दीत तो कोरला गेला. दूरच्या तामिळ मुलखात देवनागरी अक्षरे दिसताच महाराष्ट्रातला यात्रेकरू हरखून जातो. मात्र त्याच प्राकारात, भर दुपारी, सोबतच्या वडिलांच्या छातीत कळ आली, तर भिंतीवरची मराठी त्याच्या मदतीला येत नाही. तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे शहरात आजही आहेत. पण ऐन वेळी त्यांतले कोणी शेजारी उभे असेलच असे नाही. हिंदीवरही फारशी भिस्त ठेवता येत नाही. तेथे कामी येते ते इंग्रजी, मग ते मोडकेतोडके का असेना.

अडचण अशी, की कर्जाचे प्रस्ताव इंग्रजीत सहज लिहिणारा, बदलीवर दक्षिणेत गेलेला अधिकारीही डॉक्टरांपुढे अडखळतो. कार्यालयातले इंग्रजी वेगळे आणि दुखण्याचे वेगळे. ‘पित्त झाले’ हे मराठी माणसाचे लाडके वाक्य घ्यावे. त्यात छातीतली जळजळ येते, उलटीसह उठणारी डोकेदुखी येते, अंगावर उठणाऱ्या गांधीही येतात. त्याचे सरसकट ‘ॲसिडिटी’ असे भाषांतर केले, की डॉक्टर भलत्याच दिशेने विचार करू लागण्याचा धोका असतो. छातीत दडपल्यासारखे वाटत असताना ‘गॅस’ म्हणून मोकळे होणे तर जिवावर बेतू शकते.

म्हणून रोगाचे नाव घेण्याच्या भरीस न पडता जे दिसते, जाणवते तेवढेच सांगावे. ‘माय फादर हॅज चेस्ट पेन. इट स्टार्टेड ट्वेंटी मिनिट्स अगो. ही इज स्वेटिंग.’ या तीन वाक्यांत व्याकरणाची कसलीही करामत नाही, पण काय होते, केव्हापासून आणि सोबत आणखी काय, हे सारे आले. ‘चक्कर’ म्हणजे भोवताल गरगर फिरणे, की डोळ्यांपुढे अंधारी येणे, हेही स्पष्ट करावे. पहिल्यास ‘स्पिनिंग’ आणि दुसऱ्यास ‘फेंटिंग’ हा शब्द पुरेसा आहे. ‘वीकनेस’ हा शब्द विशेष जपून वापरावा. मराठी घरात तो थकव्यासाठी रूढ झाला आहे. डॉक्टरांना मात्र कोणता हात वा पाय उचलत नाही, ते हवे असते. ‘हिज राइट आर्म इज वीक. ही वॉज ऑल राइट ॲट एट ओ’क्लॉक.’ यातले दुसरे वाक्य अधिक मोलाचे आहे, कारण पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

रुग्णवाहिकेसाठी तामिळनाडूत १०८ क्रमांक आहे. दूरध्वनीवर आधी ठिकाण सांगावे, दुखण्याचे पुराण नंतर. बृहदीश्वर मंदिरास तेथे ‘बिग टेम्पल’ म्हणूनच ओळखतात. ‘नेंजु वली’, म्हणजे छातीत दुखणे, एवढे दोन तामिळ शब्द पाठ असले, तर रिक्षावाल्यालाही प्रसंगाचे गांभीर्य कळेल.

या गावाला असे इंग्रजी नवे नाही. सरफोजी राजांनी मिशनरी श्वार्ट्झ यांच्याकडून इंग्रजीचे शिक्षण घेतले होते. नेत्ररुग्णांवर झालेल्या उपचारांची इंग्रजीतील टिपणे त्यांनी ठेवविली, सोबत डोळ्यांची चित्रेही काढविली. सरस्वती महाल ग्रंथालयात ती जतन झाली. मराठी राजा, तामिळ रुग्ण आणि इंग्रज वैद्य यांना एकाच कागदावर आणायचे, तर दुसरी सोयीची भाषा कोणती होती?

तसाच एक कागद प्रत्येक प्रवाशाने पाकिटात बाळगावा. खाते क्रमांक तोंडपाठ असणाऱ्या कित्येकांना रोजच्या गोळीचे नाव आठवत नाही. ‘ती पांढरी, छोटी’ एवढेच सांगता येते. त्या चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे व मात्रा, मधुमेह वा रक्तदाब असल्यास त्याची नोंद, रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ठळक अक्षरांत तिचा उल्लेख, ‘अलर्जिक टू पेनिसिलिन’सारखी सूचना आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक, हे सारे इंग्रजीत लिहावे. एटीएमचा गुप्त क्रमांक तेवढा त्यावर लिहू नये.