शील स्वतःसाठी असते, दुसऱ्यावरील सक्तीसाठी नव्हे



ईस्ट कोस्ट येथील बुद्धवंदनेनंतर एका उपासकाने प्रश्न केला : "प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील घेणाऱ्या बौद्धांनी, गर्भाच्या जीविताला संविधानात स्थान द्या, अशी मागणी का करू नये?" प्रश्न प्रामाणिक आहे, उत्तरही तितकेच स्पष्ट हवे.

आयर्लंडने हा प्रयोग करून पाहिला आहे. १९८३ साली आठव्या घटनादुरुस्तीने तेथे गर्भाला मातेइतकाच जीविताचा हक्क दिला गेला. कागदावर ती समता दिसत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये बेळगावची लेक, दंतवैद्य सविता हलप्पनवार, गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाली. सतरा आठवड्यांचा तो गर्भ वाचणार नव्हता. तिने गर्भपाताची विनंती केली. परंतु गर्भाचे हृदय चालू होते, म्हणून ती नाकारण्यात आली. २८ ऑक्टोबरला जंतुसंसर्गाने तिचा अंत झाला. वय अवघे ३१. चौकशीत उपचारांतील चुकाही निघाल्या. पण डॉक्टरांचे हात कायद्यानेही बांधले होते, हे लपले नाही. अखेर २०१८ साली आयरिश जनतेने ६६ टक्क्यांहून अधिक मतांनी ती दुरुस्ती रद्द केली.

'समादियामि' म्हणजे मी ग्रहण करतो. शील ज्याचे त्याने घ्यावयाचे असते; पोलीस पाठवून ते दुसऱ्याकडून पाळून घेता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेला तत्त्व मानले, नियम नव्हे. त्यांच्याच पक्षाचे पी. जे. रोहम यांनी १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला होता. सभागृहाने तो फेटाळला. पण मातृत्वाचा भार कोणाच्या देहावर पडतो, हे आपल्या चळवळीने तेव्हाच ओळखले होते.

मग मुलींच्या गर्भांचे काय? महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम गर्भलिंगचाचणीविरुद्ध कायदा केला. तो चाचणीचा धंदा रोखण्यासाठी होता, गर्भाला मातेविरुद्ध उभे करण्यासाठी नव्हे.

सिंगापुरात १९७० पासून आणि भारतात १९७२ पासून कायद्याच्या मर्यादेत गर्भपाताला परवानगी आहे. ज्या भगिनीला शील म्हणून गर्भ राखावयाचा आहे, तिला कोणी अडवत नाही. आपल्या लेकी उद्या कोणत्या देशात संसार थाटतील, कोण जाणे! तेथील संविधानाने त्यांचा जीव तराजूत घालू नये, एवढेच आपले मागणे असले पाहिजे.

जय भीम!