अरबी घोड्यांचं ‘सौंदर्य’ मोजतात कसं?

युरोपातल्या अरबी घोड्यांच्या शोमध्ये शर्यत नसते. पंच घोडा बघून गुण देतात. जातिवंतपणा, डोकं-मान, धड-पाठ, पाय आणि चाल असे पाच निकष, प्रत्येकी 20 गुण.

एकाच पंचाच्या आवडीवर निकाल ठरू नये, म्हणून अनेक पंचांचे गुण एकत्र केले जातात.

मग अडचण कुठे? वाकडा पाय दाखवता येतो, ‘जातिवंतपणा’ मात्र नजरेवर ठरतो. सगळ्याच पंचांना एकच फॅशन आवडली, तर एकत्रित गुणही तिकडेच झुकतात. 2017 मध्ये अमेरिकेतल्या एका शिंगराच्या अतिखोलगट चेहऱ्यावरून वाद झाला. त्याला श्वास घेणं जड जाईल, अशी भीती काही पशुवैद्यांनी व्यक्त केली. पैदास करणाऱ्यांनी ती फेटाळली.

बक्षीस मिळालेल्या घोड्याला पैदाशीसाठी मागणी वाढते. त्यामुळे पंच चुकले, तर किंमत पुढची शिंगरं मोजतात.