अंबारीकडे लागलेले डोळे

राजकारणाची करमणूक झाली, पूर्वीचे धनी स्वतः तलवार उपसून पुढे होत, असा गळा काढणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. त्यांचा निम्मा मुद्दा खरा आहे. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे बंडखोर आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला जाऊन बसले. आसामात पुराने लोकांची दैना चालली होती आणि इकडे महाराष्ट्र त्या बंडखोरांपैकी शहाजीबापू पाटलांच्या ‘काय झाडी, काय डोंगर, काय हाटील’वर पोट धरून हसत होता. (हेल अस्सल माणदेशी होता, हे मात्र मान्य करायला हवे.)

पण यावर उतारा म्हणून जो जुना काळ दाखवतात, तो एकदा उघडून पाहावा. सेनापतीने हत्तीवर, साऱ्या फौजेला दिसेल असे बसायचे, हा त्या काळचा रिवाज. अंबारी रिकामी दिसली की धनी पडला असे समजून लोक पळत सुटत. १६५८ मध्ये सामूगढला दारा शुकोह ऐन लढाईत हत्तीवरून घोड्यावर आला आणि त्याची फौज फुटली. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठ्यांचे तेच झाले. पेशवेपुत्र विश्वासराव गोळी लागून पडले, सेनापती भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. मागच्यांना दिसली ती रिकामी अंबारी. भाऊंच्या शौर्यात तसूभर कसर नव्हती. आणि समोरचा अब्दाली कुठे होता? पिछाडीला, आपल्या डेऱ्याशी. पळून येणाऱ्यांना पुन्हा रणात लोटायला त्याने माणसे धाडली आणि हातची राखीव फौज दुपारी बाहेर काढली. पुढे झालेला पडला, मागे बसलेला जिंकला!

शिवाय अंबारी रिकामी होण्याआधीच कोठार रिकामे झाले होते. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले आधीच्या डिसेंबरात मारले गेले, रसद तुटली. छावणीत लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू आणि बुणगे. उपाशी माणसे उपाशी घोड्यांवर बसून बाहेर पडली. पराक्रमाचे गोडवे गाणाऱ्यांना हे सांगावे, तर रसदीच्या गोष्टीत त्यांना रस नसतो. चॅनेलसमोर बसलेल्यांनाही नसतो. अंबारीत कोण बसलाय, एवढेच दोघांना पाहायचे असते.

मग नेता कशावरून जोखावा? शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीला धाडलेले पत्र वाचावे. दाणागवत आताच उधळाल तर पावसाळ्यात घोडी मरतील, मग तुम्ही रयतेला ओरबाडाल. रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या पेटतील. अफझलखानाच्या भेटीवर पोवाडे झाले, सिनेमे झाले. उंदरावर कोण काढणार?

दिसण्याला माझा आक्षेप नाही. मत मागायचे तर दिसावेच लागते. ऑक्टोबर २०१९ मध्ये साताऱ्याला भर पावसात शरद पवार बोलत राहिले. भाषण कुणाच्या ध्यानात नाही, भिजलेला म्हातारा आहे, आणि तिथली लोकसभेची पोटनिवडणूक त्यांच्या पक्षाने जिंकली. त्यात गैर काय? गैर आहे ते तेवढ्यावर समाधान मानून घरी जाणे. गुवाहाटीच्या त्या दिवसांत इकडे खरिपाच्या पेरण्यांचा हंगाम होता. हॉटेलाचे बिल किती झाले असेल, याचे हिशेब चहाच्या टपरीवर मांडले जात होते. तिथल्याच एखाद्याला विचारून पाहा, त्या हंगामात आपल्या तालुक्यात पीककर्ज वेळेवर किती जणांच्या हाती पडले?